चोवीस तासांचा कॅन

शहागंजात गयासभाईंची लॅब कुठं आहे म्हणून कुणालाही विचारा. तो आधी गालातल्या गालात हसेल आणि मग बोट दाखवील. हसेल, कारण तीस वर्षं लोकांच्या लघवीच्या बाटल्या उजेडाला धरून बघणारा हा माणूस आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की वाटावं, अत्तराचं दुकान चालवतोय. "रक्त एखाद्या वेळी फसवतं," ते म्हणायचे. "सुई बघूनच काहींची साखर चढते. पण लघवी शरीफ चीज आहे. आत जे काय चाललंय ते बाहेर येऊन सांगून टाकते. लाजत नाही, लपवत नाही." लाजतात ती माणसं आणि लपवतात तीही माणसंच, एवढी साधी गोष्ट या शहाण्या माणसाच्या ध्यानात यायला एक पोरगी आयुष्यातून उठावी लागली. तीच ही हकिकत.

गयासभाईंचा हातखंडा विषय म्हणजे लघवीतलं प्रोटीन. धडधाकट माणसाच्या लघवीत ते जवळजवळ नसतंच. मूत्रपिंडाची चाळण त्याला रक्तात अडवून ठेवते. दिवसाकाठी चिमूटभर, दीडशे मिलिग्रॅमपर्यंत गेलं तर कुणी विचारत नाही. त्याहून जास्त गेलं तर ते का गेलं हे शोधायचं, आणि इथं गयासभाईंची मान ताठ व्हायची. डॉक्टर मंडळींची लांबलचक नावं त्यांनी केव्हाच बाजूला ठेवली होती. त्यांच्या लेखी तीनच तऱ्हा. पहिलं पाव्हणं. ताप आला, ऊन लागलं, पोलीस भरतीच्या पोरानं मैदानाला दहा चकरा मारल्या, की येतं आणि दोन-चार दिवसांत आपल्या वाटेनं जातं. दुसरं उभ्याचं. हे उंच, किडकिडीत पोरापोरींत सापडतं. दिवसभर उभं राहिलं की उतरतं आणि रात्रभर आडवं झालं की गायब. सकाळची पहिली लघवी तपासावी तर एकदम साफ. आणि तिसरं बिऱ्हाड. ते आलं की जात नाही. आज बघा, महिन्यानं बघा, झोपून उठल्यावर बघा, ते आपलं बसलेलंच. कधी चाळणच फाटलेली असते, कधी पुढच्या नळ्या गळालेलं परत ओढून घेत नाहीत, तर कधी रक्तातच नको ते प्रोटीन इतकं माजलेलं असतं की ते उतू जातं. "पाव्हण्याला पाणी पाजा, उभ्याला निजवा," ते सांगायचे, "पण बिऱ्हाडाची चौकशी करा. उशीर करू नका."

सांगायचे बरं का. इतरांना.

दोन हजार सोळाचा उन्हाळा. पावसानं ओळीनं दगा दिलेला आणि शहर मात्र असं वाढत होतं, जसं काही पाण्याशी त्याचं देणंघेणंच नाही. हर्सूलच्या पुढं जिथं परवापर्यंत ज्वारी उभी असायची, तिथं प्लॉटचे दगड रोवले गेले, दगडांवर विटा चढल्या, विटांवर बिऱ्हाडं चढली. नळ नव्हता, ड्रेनेज नव्हतं. कॉलनीच्या कमानीवर नाव मात्र झोकात. टँकर आठ दिवसांनी यायचा. जुन्या शहरातही नळाला सहाव्या-सातव्या दिवशी पाणी, तेही करंगळीएवढं.

त्या उन्हाळ्यात लॅबमध्ये येणारी लघवी कोऱ्या चहासारखी असायची आणि बाटलीच्या तळाशी असायची. निम्म्या लोकांत थोडंथोडं प्रोटीन. गयासभाई बघायचे आणि म्हणायचे, "पाव्हणं आहे. पाणी प्या, सावलीत बसा, पंधरा दिवसांनी या." लोक पंधरा दिवसांनी यायचे आणि खरोखरच साफ निघायचं. लोकांना वाटायचं, वा, काय नजर आहे! गयासभाईंनाही तसंच वाटायचं. माणूस पन्नास वेळा बरोबर ठरला की एक्कावन्नाव्या वेळी तो बघायचंच सोडून देतो.

एक्कावन्नावी होती मनस्विनी.

वय सत्तावीस. माहेर कन्नडचं, तिथं वडिलांची दूध डेअरी. आजोबा तहसिलात कारकून होते, त्यामुळं घरात शिक्षणाचं वेड. ती क्रांती चौकात एका विमा एजंटाच्या ऑफिसात कामाला होती. नवरा हिमांशू वाळूजला कंपनीत, पाळ्या फिरत्या. राहायला हर्सूलच्या पुढं, मोतीरामच्या दुमजली घरात वरच्या दोन खोल्या भाड्यानं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मूल हवं होतं, म्हणून ती शहागंजातल्या डॉक्टरीणबाईंकडं गेली. बाईंना तिचा रक्तदाब जरासा वर दिसला आणि लघवीत प्रोटीन. पंधरा दिवसांनी पुन्हा बघितलं, पुन्हा तेवढंच. रक्तातलं क्रिएटिनिनही काठावर. बाई म्हणाल्या, "चोवीस तासांची लघवी तपासून घे. अर्ध्या ग्रॅमच्या आत आलं तर हा उन्हाळ्याचा, कमी पाण्याचा परिणाम समजू. वर आलं तर सरळ किडनीच्या डॉक्टरकडं." म्हणजे सगळं काही त्या एका आकड्यावर आलं होतं.

गयासभाईंनी तिला पांढरा प्लास्टिकचा कॅन दिला आणि नेहमीचा पाठ म्हटला. "सकाळी उठल्यावर पहिली लघवी टाकून द्यायची, बेटी. तिथून घड्याळ सुरू. मग दिवसभराची, रात्रीची, आणि दुसऱ्या दिवशी उठल्यावरची पहिली, सगळी ह्यात. कॅन गार जागी ठेवायचा. एक थेंब बाहेर जाता कामा नये." मनस्विनी फरशीकडं बघत "हो, हो" म्हणत होती. बाकड्यावर चार पुरुष बसले होते आणि चारही जण ऐकत होते. तिनं कॅन ओढणीखाली घेतला आणि जवळजवळ पळतच बाहेर गेली.

तिसऱ्या दिवशी तिनं कॅन आणून टेबलावर ठेवला. गयासभाईंनी मोजपात्रात ओतलं. साडेचारशे मिलिलीटर. धड अर्धा लीटरसुद्धा नाही.

"एवढीच?"

"हो."

"सगळी धरली ना?"

बाकड्यावर आजही माणसं होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हो चाचा, सगळी."

गयासभाई हसले. "खरंय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

आता इथं थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर गयासभाईंचा गुन्हा काय ते कळायचं नाही. असा कॅन आला की ताळा बघायची त्यांची तीस वर्षांची शिस्त होती. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंचा रोजचा कचरा. माणूस घागरभर पाणी पिवो की घोटभर, तो कचरा दिवसाला ठरल्याइतकाच लघवीतून निघतो. कॅनमध्ये तो ठरल्याइतका सापडला तर लघवी पुरी. एक तृतीयांशच सापडला तर बाकीची कुठंतरी गेली, मग माणूस कुराणावर हात ठेवून सांगो की गीतेवर. दुष्काळानं आटलेला कॅन कुठला आणि अर्धवट भरलेला कुठला, हे ओळखायची तीच एक खूण. पण त्या तपासणीला लघवी आधी पन्नासपट पातळ करावी लागते, आणि ती डिस्टिल्ड वॉटरनं. डिस्टिल्ड वॉटर बनवणाऱ्याचा नळ बारा दिवस कोरडा होता. लॅबमध्ये एकच बाटली उरली होती, तीत तीन बोटं पाणी, आणि ते गयासभाईंनी साखरेच्या तपासण्यांसाठी राखून ठेवलेलं. लघवीसाठी बाटलीला हात लावायचा नाही, असा नियमच केला होता त्यांनी.

किती लागलं असतं हो एका कॅनला? एक चमचा. चहाचा एक चमचा पाणी.

त्यांनी ताळ्याच्या रकान्यात आडवी रेघ मारली. प्रोटीन निघालं तीनशे ऐंशी मिलिग्रॅम. अर्ध्या ग्रॅमच्या आत. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला, रक्तदाबाची एक हलकी गोळी लिहिली, भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं. त्या वर्षी पाऊस बरा झाला. टँकर बंद झाले, तिचं तोंड उजळलं, लघवीला जरा फेस यायचा पण रिपोर्ट तर चांगला होता. कोण जातंय पुन्हा तीन महिन्यांनी? रोगाचं असं असतं, दुखलं नाही तोवर त्याला कुणी दार उघडत नाही, आणि हा मेला तर दुखतच नाही.

दोन हजार अठराला पाऊस पुन्हा रुसला. दिवाळी झाली आणि एक दिवस हिमांशू बायकोच्या काखेत हात घालून लॅबच्या पायऱ्या चढला. तिचा चेहरा सुजून डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. चार महिने तिला वाटत होतं, ऑफिसात बसून पाय सुजतात. गयासभाईंनी रक्त काढलं, मशीनला लावलं. क्रिएटिनिन आठ पूर्णांक चार. बाईमाणसाचं एकच्या आत असावं लागतं. मशीन बिघडलं असेल म्हणून त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग त्यांनी पावतीवरचं नाव वाचलं.

त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. पान सापडलं. साडेचारशे मिलिलीटर, तीनशे ऐंशी मिलिग्रॅम, आणि ताळ्याच्या रकान्यात त्यांच्याच हातची आडवी रेघ.

हिमांशू रिक्षा बघायला गेला होता. बाकडं रिकामं होतं. गयासभाई तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, "बेटी, एक विचारू? त्या उन्हाळ्यात तू कॅन आणलास, तो खरंच पुरा होता?"

तिनं सगळं सांगून टाकलं. आजाऱ्याला कसली लाज?

मोतीरामच्या घरात जिन्याखाली लोखंडी जाळी होती आणि जाळीत सगळ्या भाडेकऱ्यांचे पाण्याचे ड्रम. त्या मे महिन्यात कुणीतरी एक अख्खा ड्रम चोरून रिकामा केला. तेव्हापासून मोतीराम रात्री आठाच्या ठोक्याला जाळीला कुलूप घालायचा आणि सकाळी सहाला काढायचा. "पाणी हाय म्हणून आपुन हावोत, त्याला कुलूप लावल्याबिगर जमायचं नाय," असं त्याचं म्हणणं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मनस्विनीच्या दोन खोल्यांत पत्र्याखाली भट्टी तापायची, शिवाय एका खोलीत देव आणि पिण्याचे हंडे. तिथं लघवीचा कॅन कसा ठेवणार? गार जागा एकच, जिन्याखाली, ड्रमांशेजारी, ओल्या पोत्याखाली. मोतीरामनं पाण्याला कुलूप लावलं तेव्हा कॅनलाही लागलं.

"मग रात्री एखाद्या भांड्यात धरायची, बेटी."

"भांडं कुठलं चाचा? घरातलं प्रत्येक भांडं पाण्यानं भरलेलं होतं. पातेली, डबे, देवाचा तांब्यासुद्धा. आठ दिवस पुरवायचं होतं. एका भांड्यातलं पाणी ओतून द्यायचं आणि त्यात..." ती थांबली. "आणि दिवसा ऑफिसात. सिटी बसमध्ये कॅन घेऊन जाऊ? साहेबांसमोर?"

"म्हणजे फक्त संध्याकाळची आणि सकाळची."

"हो. मला वाटलं तेवढी पुरे. आमच्या डेअरीत दुधाची फॅट काढायला कपभरच दूध घेतात ना? त्यासाठी कुणी अख्खी म्हैस नेत नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा सांगणार होते, पण बाकड्यावर माणसं बसली होती. काय सांगू? माझी लघवी कुलपात होती?"

गयासभाईंनी मनात हिशेब केला. चोवीस तासांतली जेमतेम आठ तासांची लघवी. तीनशे ऐंशीचं तिप्पट. एक ग्रॅमच्या वर, चांगलंच वर. पाव्हणं म्हणून ज्याला त्यांनी हसत वाटेला लावलं होतं, ते तेव्हाच आत चूल मांडून बसलेलं होतं. चाळण फाटत होती आणि चाळणीच्या मालकिणीला सगळं ठीक आहे असं लिहून देणारी सही त्यांची होती.

ते डॉक्टरीणबाईंकडं गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, कपाळ चोळलं आणि म्हणाल्या, "मीही त्याच आकड्यावर विसंबले, गयासभाई. पुन्हा बोलावून घ्यायला हवं होतं." तेव्हाच कळलं असतं तर पोरीची किडनी वाचली असती का, हे गयासभाईंनी विचारलं. "खात्री नाही देता येत. बायॉप्सी झाली असती, औषधं सुरू झाली असती. पाच-सात वर्षं मिळाली असती. कदाचित जास्त." घरी गौहर, त्यांची बायको, वैतागली. "अजी, तुमने पूछे ना? उसने हौ बोली ना? फिर कायकू जान को लगा लिये?" गयासभाई म्हणाले, "मैं पूछने के वास्ते नहीं बैठा वहां. देखने के वास्ते बैठा हूं." आणि ताटावरून उठले.

मनस्विनीचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा. तिची आई यमुनाबाई कन्नडहून येऊन राहिली. एका सकाळी गयासभाई दवाखान्यात गेले आणि दोघींपुढं उभं राहून सगळं सांगितलं. ताळा, रेघ, बाटली, चमचा. काही राखून ठेवलं नाही. मनस्विनी म्हणाली, "जाऊ द्या चाचा, मीच खोटं बोलले." पण यमुनाबाईंनी जाऊ दिलं नाही. त्या पलंगाच्या कडेवरून उठल्या आणि त्यांचा आवाज अख्ख्या वॉर्डात गेला.

"एक चमचा? एक चमचा पाणी नव्हतं तुमच्याकडं माझ्या लेकीसाठी?"

"होतं, ताई. मी वापरलं नाही."

"मग देव तुम्हाला बघून घेईल." त्यांनी लेकीकडं हात केला. "पोरगी आहे हो ती! सत्तावीस वर्षांची होती! लाजली ती, लाजणारच. तुम्ही कशाला बसला होता तिथं?"

जे गयासभाई स्वतःच्या बायकोला म्हणाले होते तेच त्यांना ऐकावं लागलं. ते मान खाली घालून उभे राहिले. त्यांना वाटत होतं की त्या बाईनं आणखी बोलावं, बोलत राहावं. पण यमुनाबाई पदर तोंडाला लावून बसून गेल्या.

डायलिसिसनं दिवस ढकलता येतात. खरा उपाय दुसऱ्याची किडनी. हिमांशूचा रक्तगट जुळेना. वडिलांना मधुमेह. राहिल्या यमुनाबाई. वय चोपन्न, रक्तगट जुळलेला, काटक. मोठ्या दवाखान्यात नाव घालण्याआधी सुरुवातीच्या तपासण्या बाहेरून करून आणायला सांगितलं होतं. दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत एका दुपारी त्या शहागंजातली पायरी चढल्या आणि गयासभाईंच्या टेबलापुढं उभ्या राहिल्या.

"कॅन द्या."

गयासभाई उठून उभे राहिले. "ताई, शहरात पन्नास लॅब आहेत."

"आहेत की. पण आता तुमच्याइतकं नीट कोण तपासणार?"

त्यांनी कॅन दिला, पाठ म्हटला. यमुनाबाईंनी मान वर ठेवून तो ऐकला आणि परत म्हणून दाखवला. बाकड्यावर माणसं होती. असेनात का! ती बाई तो कॅन पदराखाली न लपवता मांडीवर घेऊन बसमधून गेली, मोतीरामला सांगितलं की आज कुलूप लागणार नाही, लावशील तर मी जाळीपुढं अंथरूण टाकीन, आणि दुसऱ्या दिवशी भरलेला कॅन मांडीवर घेऊन परत आली. कंडक्टरनं विचारलं, काय आहे? "लेकीची किडनी हाय," यमुनाबाई म्हणाल्या, आणि कंडक्टर पुढं सरकला.

सोळाशे मिलिलीटर. गयासभाईंनी ताळा बघितला, दोनदा बघितला. लघवी पुरी होती. मग प्रोटीन लावलं.

सहाशे चाळीस.

त्यांनी काच पुसली, मशीन पुसलं, पुन्हा लावलं. सहाशे तीस. मग ते स्वतःशीच म्हणाले, पाव्हणं असेल. रात्रंदिवस दवाखान्यात जागरण, उन्हात ये-जा. "ताई, आठवडाभर आराम करा, भरपूर पाणी प्या, पुन्हा आणा." आठवड्यानं पुन्हा कॅन. सहाशे साठ. मग सकाळची पहिली लघवी, झोपून उठल्या उठल्याची. तीतही होतंच. आणखी एक आठवडा, आणखी एक कॅन. पुन्हा सहाशे साठच. आयुष्यात त्यांनी कुठली लघवी इतक्या मायेनं तपासली नव्हती, आणि इतक्या वेळा अल्लाकडं मागितलं नव्हतं की आकडा खोटा निघू दे. आकडा काही खोटा निघेना. बिऱ्हाड होतं. किती वर्षांपासूनचं, कुणास ठाऊक. बाईनं जन्मात कधी लघवी तपासली नव्हती.

त्या दिवशी यमुनाबाई लेकीला बरोबर घेऊन आल्या होत्या. मनस्विनी बाहेरच्या बाकड्यावर भिंतीला डोकं टेकून बसली होती. गयासभाईंनी आत यमुनाबाईंना समोर बसवलं आणि सांगितलं. ज्याच्या लघवीत रोज एवढं प्रोटीन जातं त्याची किडनी घेत नाहीत. त्याची त्यालाच पुरायची मारामार.

यमुनाबाईंनी टेबलावरच्या रिपोर्टच्या छापील कागदाकडं बघितलं. आकड्याची जागा अजून कोरी होती. मग त्या पुढं वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कमी लिहा ना."

"ताई..."

"लिहा ना, भाऊ. तेव्हा चुकून कमी लिहिलंत आणि माझी पोर गेली. आता जाणूनबुजून लिहा, म्हणजे येईल. कोणाला कळणार आहे? मी तर कोणाला सांगायची नाही."

यमुनाबाई वॉर्डात ओरडल्या होत्या तेव्हा गयासभाईंना रडू आलं नव्हतं, ते आता आलं. "तिथं पुन्हा तपासतील, ताई. आणि नाही तपासलं तरी तुमची आजारी किडनी तिला किती दिवस पुरेल? एक काढली की तुम्ही तिच्या शेजारच्या पलंगावर याल. दोघी."

"येऊ दे की. मला काय करायचंय राहून?"

"तिला काय करायचंय, तुम्ही गेल्यावर?"

गयासभाईंनी पेन उचललं आणि कोऱ्या जागेत सहाशे साठ लिहिलं. ताळ्याच्या रकान्यात ताळ्याचा आकडा लिहिला. सही केली. यमुनाबाईंनी हात पुढं केला नाही. "तिला तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडातून निघायचं नाही."

गयासभाई कागद घेऊन बाहेर आले आणि मनस्विनीशेजारी बाकड्यावर बसले. तिनं डोळे उघडले. ती अशी बघत होती की त्यांना वाटलं, मागच्या दारानं निघून जावं. पण ते बोलले. एका दमात बोलले. आईची किडनी चालणार नाही, आईच्या लघवीत प्रोटीन आहे, तीनदा बघितलं, चूक नाही.

ती रडेल, चिडेल, निदान आता तरी शिव्या घालील, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. मनस्विनीनं कागद हातात घेतला आणि आकडा वाचला.

"म्हणजे आईलाही?"

"हो, बेटी."

"माझ्यासारखंच?"

"अजून नाही. रक्त चांगलं आहे तिचं. चाळण आत्ताशी फाटायला लागलीय. गोळ्या घेतल्या, रक्तदाब सांभाळला तर वीस वर्षं काही होणार नाही."

तिनं त्या आकड्यावरून बोट फिरवलं. मग तिनं विचारलं, "वेळेवर सापडलं ना, चाचा?"

"वेळेवर सापडलं."

"माझ्यामुळं तपासलं म्हणून सापडलं. नाहीतर तिनं कधी तपासलंच नसतं." ती भिंतीला हात टेकून उठली. दम लागला, म्हणून थोडी थांबली. आत यमुनाबाई पदरात तोंड घालून बसल्या होत्या. मनस्विनी दारात गेली आणि म्हणाली, "आई, ऊठ. डॉक्टरीणबाई दोन वाजेपर्यंतच असतात. तुझं आजच दाखवू."